पाचशे पेशी आणि माझी शेरडं

माझ्या रक्तात किती पेशी आहेत हे आमच्या वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं असं काही माहीत नव्हतं. आमच्यात कुणाकडं किती शेरडं आहेत हे तोंडावर विचारत नाहीत. विचारलंच तर समोरचा "हायत थोडी" म्हणतो आणि तंबाखू मळायला लागतो. मोजून सांगितलं की नजर लागते असं मानतात. मी मानत नाही, पण मीही माझ्या शेळ्यांचा आकडा कधी कुणाला दिला नाही. पेशींचं मात्र माझ्या हातात नव्हतं. धाकटा दीर मला बीडच्या दवाखान्यातून मोटारसायकलवर घेऊन यायचा आणि गाडी नीट उभी करायच्या आधीच बायकोला ओरडून सांगायचा, "एकशे चाळीस." शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, "मागल्या टायमाला किती व्हत्या?" जाऊ चुलीपाशी बसूनच सांगायची.

या पेशी म्हणजे काय ते मला समजलं तेवढं आधी सांगते. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही पेशी बाहेरून आलेला रोग ओळखतात आणि बाकीच्यांना हाक मारतात. दवाखान्यात त्यांना सीडी-फोर म्हणतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका या हाक मारणाऱ्या पेशीत शिरतो, तिच्यातच स्वतःची पिल्लावळ वाढवतो आणि तिला मारून बाहेर पडतो. हाक मारणारं कुणी उरलं नाही की साधा खोकलाही माणसाला पुरतो. माझ्या नवऱ्याला तसाच पुरला. लोकांना आम्ही टीबी सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

हा आजार त्यानं कुठून आणला ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आता विचारायला तो नाही. माझ्याकडं या विषयावर बोलायला येणारी माणसं एक तर त्याला दिलेल्या शिव्या ऐकायला येतात, नाहीतर माझं रडणं बघायला. दोन्ही मिळत नाही म्हटल्यावर चहा पिऊन जातात.

तो गेल्यावर बरीच वर्षं मला काही झालं नाही. मी शेरडांमागं माळावर हिंडत होते, भाकरी पचत होती, झोप लागत होती. मग साठीच्या पुढं एका वर्षी तोंडात पांढरा थर यायला लागला. घास गिळताना काटे टोचल्यासारखं व्हायचं. जुलाब थांबेनात. अंगावरचं लुगडं दिवसात चार-चारदा खोचावं लागायचं, कारण ते धरून ठेवायला खाली कंबरच उरली नव्हती. वस्तीवरची जाणती माणसं दिराला म्हणाली, आता कशाला हलवतो, राहू दे घरातच. दिरानं ऐकलं नाही. मला मोटारसायकलवर मधे बसवलं, मागं जाऊ बसली आणि तिनं मला पोत्यासारखं आवळून धरलं. असे आम्ही तिघं बीडला गेलो. त्या दिवशी माझ्या पेशी निघाल्या सदुसष्ट.

दवाखान्यात गोळ्या समजावून सांगणारी एक बाई होती. ती म्हणाली, निरोगी माणसात या पेशी पाचशेच्या वर असतात. मला त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं, मला फक्त आडवं व्हायचं होतं. दिरानं मात्र ऐकलं.

रोज रात्री एक गोळी सुरू झाली. दुसरी एक मोठी पांढरी गोळी होती, ती आकडा वर येईपर्यंत घ्यायची. दोन-तीन महिन्यांत तोंड साफ झालं. मी उठून बसले, मग चालले, मग आडातून पाणी शेंदायला लागले. एक दिवस संध्याकाळी दिराला म्हटलं, "माझी शेरडं सोडा आता. उद्यापासनं मी नेते."

मी पडून होते तेव्हा माझी शेरडं त्यानं आपल्या वाडग्यात नेली होती. तिथं दोघांची एकत्र कोंडलेली होती आणि त्याचा गडी सगळी एकदम चारून आणायचा.

दीर म्हणाला, "घाई कशाला वैनी? आकडा होऊ द्या."

"कसला आकडा?"

"पाचशे. त्या बाईनंच सांगितलं न्हाई का? पाचशे झाल्या की तुमी आन तुमची शेरडं. तवर मी बघतो."

मी हो म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. हडकलेली शेळी आपण लगेच चढावर नेत नाही, पाठ भरेपर्यंत घराजवळ ठेवतो. माझीही पाठ भरू दे, असं मी म्हटलं. पाचशे म्हणजे काय फार लांब वाटलं नाही. सदुसष्टवरून एकशे चाळीस झाल्या होत्या, त्या चालीनं पुढचा उन्हाळा माळावरच जाईल असा मी हिशेब केला.

मला मूल नाही. माझ्या आईनं लग्नानंतर पहिल्या दिवाळीला एक तरणी पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, दिली होती, तिच्यापासून ही सगळी शेरडं झाली. सकाळी त्यांना सोडायचं आणि दिवस मावळताना आणायचं. मधल्या वेळात मी कुठं बसले, काय खाल्लं, कुणाशी भांडले याचा जाब विचारणारा नवरासुद्धा नव्हता, दीर तर दूरच. ती शेरडं गेली की मी दिराच्या ओसरीवरची म्हातारी. लसूण सोलायचा, कोंबड्या हाकलायच्या आणि चहा कधी होतो याची वाट बघायची. जाऊ चांगली आहे, माझा पेला कधी वेगळा ठेवला नाही. पण चांगल्या बाईच्या ओसरीवर बसलं तरी ती ओसरी दुसऱ्याचीच असते.

पुढच्या खेपेला एकशे नव्वद. मग दोनशे पंधरा. मग दोनशे आठ.

दोनशे आठ आल्यावर दीर बेचैन झाला. त्यानं त्या गोळ्यावाल्या बाईला गाठून विचारलं, या पेशी अंगात तयार तरी कुठं होतात? ती म्हणाली, हाडाच्या आतल्या मगजात. दिरानं मान डोलावली. त्याचा चेहराच बदलला. येताना त्यानं शिरूरच्या बाजारात गाडी थांबवली आणि खाटकाला म्हणाला, "नळ्या दे. सगळ्या दे. फोडू नगंस."

शेरडं राखणाऱ्या माणसांनाच असं सुचावं. आमच्या वस्तीवर कुणालाही त्यात शंका आली नाही. हाडातला मगज कमी पडलाय ना, मग हाडातला मगज खा. जो तो बोकड कापला की नळ्या माझ्याकडं पाठवायला लागला. जाऊ काळा मसाला घालून रस्सा करायची आणि माझ्यासमोर बसून नजर ठेवायची.

"चोखा आक्का, जोरात चोखा. पन्नास-साठ पेशी आतच आडकल्यात."

"तू चोख. तुला काय कमी हायत?"

"मला पाचशे हायत. मोजल्या न्हाईत, पर दिसत्यात की." तिनं स्वतःच्या दंडावर थाप मारली. "आन एक सांगते, इतक्या बोकडांचा मगज पोटात गेलाय. उद्या सकाळी उठून बें बें केलं तर मी दावणीला बांधीन."

हिवाळाभर नळ्या चालल्या. माझ्या हातांना वास यायचा. कुत्री माझ्यामागं फिरायची. त्यानंतर रक्त दिलं आणि आकडा आला एकशे शहात्तर.

त्या दिवशी घरी आल्यावर दीर ओरडला नाही. शेजारच्यांनी विचारलं तर त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्या गोळ्यांची बाटली घेऊन बसला, वाकळेवर ओतली आणि मोजायला लागला.

"गोळ्या तर बरुबर हायत," तो म्हणाला.

"मग कशाला मोजल्या? मी मातीत पुरते असं वाटलं?"

"असं कावून बोलता वैनी?"

"तुमी मोजता म्हणून बोलते."

तो गोळ्या परत भरत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "यापाऱ्याला सांगितलंय मी. पुढल्या आठवड्यात येऊन बघल. पैशे तुमच्याच नावावर ठिवू. दादाचं असंच झालतं. जरा बरा झालता, मग उतरला, मग ऱ्हायलाच न्हाई. शेरडं ऱ्हायली आन तुमी गेलात तर मी कुणाकुणाचं बघू?"

मी म्हटलं, "दवाखान्याची तारीख त्याच्या आधी हाय. तवर थांबा." तेवढ्यापुरता तो थांबला.

दवाखान्यात त्या दिवशी नवी डॉक्टरीण होती. वयानं लहान. कागद सावकाश वाचत होती, घाई नव्हती. मी खुर्चीत बसायच्या आतच दिरानं विचारलं, "म्याडम, आकडा कावून उतरला?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, हे कोण?"

"दीर. बसू द्या त्यांना. आकडा त्यांचाच हाय, मी नुसतं रगत देते."

ती हसली नाही, पण तोंड आवळून धरलं. मग विचारलं, "रक्त दिलंत तेव्हा ताप, सर्दी काही होतं?"

"आठवडाभर सर्दी व्हती."

"मग थोडा खाली येणारच. आणि हा आकडा सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा असतो. थोडाफार खाली-वर झाला तर त्याला उतरला म्हणत नाहीत." तिनं दुसरा कागद काढला. "हा विषाणूचा रिपोर्ट. हा बघा. यात विषाणू सापडलाच नाही."

"म्हंजी गेला?" दीर म्हणाला.

"गेला नाही, लपून आहे. पण वाढत नाही. गोळी रोज घेतल्याशिवाय असा रिपोर्ट येत नाही."

दिरानं चपलेकडं बघितलं. 

मग त्यानं विचारलं ते मात्र खरं तर मीच विचारायला हवं होतं. "विषाणू वाढत न्हाई तर मग पेशी कावून वाढत न्हाईत?"

डॉक्टरीण म्हणाली, "हा विषाणू तयार पेशी मारतो, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण त्या जिथं तयार होतात तिथंही तो नासधूस करतो. पेशी जन्मते हाडाच्या मगजात. तिथून ती कच्चीच निघते आणि इथं येते." तिनं आपल्या छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "याच्यामागं एक ग्रंथी असते. आपलं काय आणि परकं काय, हे पेशी तिथं शिकते. शिकली की रक्तात उतरते. आजी, तुमच्या अंगात विषाणू कितीतरी वर्षं मोकळा होता. तेवढ्या काळात मगजाची ताकद कमी झाली, या ग्रंथीचीही झाली. शरीर सारखं जागं, सारखं घाबरलेलं. पेशी तयार करायच्या आणि वापरून टाकायच्या, असं करत ते दमलं. त्यात ही ग्रंथी लहान मुलात मोठी असते आणि वय होईल तशी सुकते. तुमच्या वयात थोडीशीच उरते. म्हणून विषाणू थांबला तरी नव्या पेशी हळूहळूच येणार."

दीर पुढं सरकला. "कवळ्या करडाच्या छातीत पांढरा लुसलुशीत गोळा असतो. तोच का?"

"मी करडू कधी कापलं नाही काका. पण बहुतेक तोच असावा."

तो माझ्याकडं वळला. "वैनी, म्हाताऱ्या बोकडात तो घावत न्हाई."

"मग मी म्हातारा बोकड," मी म्हटलं. या वेळी डॉक्टरीण हसली.

"आन मगज?" दीर म्हणाला. "हिवाळाभर नळ्या चारल्या ह्यास्नी."

"चारा की. खाल्लं तर ताकद येईल. पण बोकडाचा मगज पोटात जिरतो, आजींच्या हाडात जाऊन बसत नाही."

दवाखान्याच्या भिंतीवर या आजाराची चित्रं लावलेली असतात. पेशी म्हणजे शिपाई, विषाणू म्हणजे शत्रू, असं दाखवलेलं असतं. मला शिपाई कळत नाहीत, मी कधी बघितलेले नाहीत. ती बोलत होती तेव्हा मला लांडगे दिसत होते.

माझा नवरा जिवंत असताना एका हिवाळ्यात वरच्या माळाला लांडग्यांची जोडी आली होती. त्यांनी माझी तीनच शेरडं नेली. पण लांडगा जवळ आहे हे कळल्यावर कळप चरेना. पाला हलला की सगळ्या पळायच्या. पळून पळून हडकल्या. गाभण होत्या त्यातल्या कितीतरी गाभडल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पडलं त्यांचं. ज्या व्याल्या त्यांना दूध उतरलं नाही, करडं गेली. लांडग्यांनी तोंडानं खाल्ली त्याच्या किती पट नुसत्या त्यांच्या असण्यानं गेली. पुढं लांडगे निघून गेले. मला वाटलं, संपलं. पण कळप भरायला तीन-चार वर्षं लागली आणि ज्या शेळ्या वयानं म्हाताऱ्या होत्या त्या परत व्याल्याच नाहीत.

माझ्या अंगात हेच झालं होतं. लांडग्यानं पेशी खाल्ल्या आणि त्यांचं वेतही बिघडवलं. गोळीनं तो आता ओघळीत दडून बसलाय, मेलेला नाही, आणि गोळी चुकली की तो वर येणार. हे मला पटकन कळलं. आणखी एक गोष्ट आठवली. ती तीन-चार वर्षं मी घरी बसले नव्हते. होती तेवढी शेरडं घेऊन रोज माळावर जात होते. कळप बारका आहे म्हणून कुणी शेरडं राखायचं सोडत नाही.

मी विचारलं, "पाचशे कवा व्हतील?"

डॉक्टरिणीनं कागद खाली ठेवला. "खरं सांगू आजी? बहुतेक होणार नाहीत. दोनशे-अडीचशेच्या आसपास राहतील."

"मग मरणार का मी?"

"कधीतरी. पण या आकड्यावर पुष्कळ माणसं पुष्कळ वर्षं काढतात. गोळी चुकवायची नाही, मोठी पांढरी गोळीही सोडायची नाही. ताप आला, खोकला राहिला, वजन उतरलं तर तारखेची वाट न बघता यायचं."

"शेरडं राखली तर चालंल?"

"चढ चढताना दम लागतो?"

"मधी एकदा टेकावं लागतं."

"मग टेका. कच्चं दूध प्यायचं नाही. शेळी विताना उघड्या हातानं वार किंवा करडू धरायचं नाही, हातमोजे घालायचे. तुमच्यासारख्यांना जनावरापासून काही आजार लवकर लागतात. एवढं सांभाळलंत तर राखा."

परतताना रस्त्यावर एका टपरीपाशी दिरानं चहासाठी गाडी थांबवली. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "ऐकलंत न्हवं? जनावरापासनं आजार लागतो म्हणली."

"हातमोजे घाला म्हणली. इका म्हणली न्हाई."

"पाचशे व्हायच्या न्हाईत, हे बी म्हणली."

"व्हायच्याच न्हाईत. मग तुमची अट कशी पुरी व्हायची? मी मरूस्तवर ओसरीवर बसू?"

"बसा की. कोण उठवतंय?" मग तो चहाकडं बघत म्हणाला, "दादाला मी उचललाय वैनी. शेवटाला त्याच्या अंगात काय ऱ्हायलं व्हतं? मला परत तसं कुणाला उचलायचं न्हाई."

मी बशी खाली ठेवली. "तुमास्नी उचलायचं न्हाई म्हणून मी आत्ताच आडवी होऊ?"

तो उठला, चहावाल्याकडं गेला आणि परत येऊन गाडीला किक मारली. 

त्यानं व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं असेल, असं मला वाटत होतं. कळवलं नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी मी आडावरून येते तर व्यापारी वाडग्यात उभा. माझ्या शेळ्यांच्या पाठी दाबून बघत होता, ओठ वर करून दात बघत होता. मग तो आणि दीर बाजूला लिंबाखाली गेले. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांच्या हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून भाव सांगतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. सौदा पटला की रुमाल काढून हात हलवतात. बाईमाणसानं त्या वेळी जवळ जायचं नसतं.

मी घागर खाली ठेवली, जवळ गेले आणि रुमाल ओढून घेतला.

दोघांची बोटं उघडी पडली. व्यापाऱ्यानं विस्तवाला लागावा तसा हात मागं घेतला. "हे काय बाई? सौदा मोडला की."

"मोडायलाच आले. शेरडं इकायची न्हाईत."

तो दिराला म्हणाला, "तू तर म्हणलास, म्हातारी आजारी हाय, तिच्यानं व्हत न्हाई."

"म्हातारी तुझ्यापुढं उभी हाय. तिला इचार."

व्यापारी तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं घसा साफ केला. "आवं, तब्येतीचं ऐकलं मी बी. रगतच तयार व्हत न्हाई म्हणत्यात तुमच्या अंगात."

"व्हतंय. हळू व्हतंय. तुझ्या डोस्क्यावर केस तरी कुठं पयल्यासारखे येत्यात? म्हणून तू बाजार करायचा सोडलास का?"

चुलीपाशी जाऊ मोठ्यानं हसली आणि राखेच्या हातानंच बाहेर आली. तिनं जवळची एक शेळी धरली, तिचा डावा कान वर केला आणि व्यापाऱ्यापुढं धरला. कानाला खालून दोन चिरा होत्या. आमच्यात प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी असते, करडू लहान असतानाच कापतात. दिराच्या शेरडांना उजव्या कानाला एक चीर आहे. माझ्यांना डाव्याला दोन.

"ह्या कानाचा धनी कोण?" जाऊ म्हणाली. "आमच्या घरचा न्हाई. मला न इचारता माझी शेरडं कुणी इकली तर मी त्याला सोडीन का? मग आक्कांनी कावून सोडावं?"

दीर तिला म्हणाला, "तू गप ग."

"हिवाळाभर मी गपच व्हते. नळ्या शिजवत व्हते."

खुणेच्या धन्याचं नाही आलं की आमच्याकडचा कुठलाही व्यापारी जनावराला हात लावत नाही. लावला तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. त्यानं आपला रुमाल माझ्या हातातून घेतला, झटकला, खांद्यावर टाकला आणि जाता जाता दिराला म्हणाला, "पुढल्या टायमाला आदी धन्याला इचारून बलाव."

दीर मला बीडला घेऊन गेला नसता तर मी आज नसते, हे मला माहीत आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. पण जीव वाचवला म्हणून त्या जिवानं काय करायचं हेही तोच ठरवणार, असं होत नाही. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं आणि मला दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं होतं.

या गोष्टीला आता काही उन्हाळे झाले. माझा आकडा अजून तिथंच आहे, दोनशेच्या जरा वर, कधी जरा खाली. दर वेळी कुणी ना कुणी हळहळतं, "अजून न्हाई वाढला?" मी म्हणते, नाही वाढला. अंगाला जमेल तेवढ्या पेशी ते तयार करतं आणि मी तेवढ्यावर चालते. ज्यांच्या पाचशे आहेत त्यातली दोन-तीन माणसं या काळात वस्तीवरून स्मशानात गेली, मी त्यांच्या दहाव्यालाही जाऊन आले. मी हे आनंदानं लिहीत नाही. पण माझ्याकडं बघून आकडा विचारणाऱ्यांनी हेही मोजावं.

व्यापारी परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधली, पाण्याची बाटली घेतली आणि वाडग्याचं फाटक उघडून डाव्या कानाची तेवढी काढली. ती आधी निघेनात. इतके दिवस गड्याच्या हाकेवर चालली होती, माझी हाक विसरली होती. दोन-तीनदा ओरडावं लागलं. मग एक म्हातारी शेळी निघाली आणि तिच्यामागं बाकीच्या.

चढ चढताना दम लागला. मी टेकले, दम खाल्ला, उठले. पुढं परत एकदा टेकले. डॉक्टरिणीला मी एकदाच टेकते असं सांगितलं होतं, पण त्या दिवशी दोनदा टेकले. वर पोचले तेव्हा शेरडं बोरीच्या झुडपांत पांगली होती.

दुपारी खाली बघितलं तर पायथ्याला दिराची मोटारसायकल उभी. तो सावलीत बसून वर बघत होता. कधी आला होता कुणास ठाऊक. भाकरी खाऊन झाली तरी तो तिथंच. मी उभी राहिले तर तोही उभा राहिला, मी बसले तर बसला.

शेवटी मी वरूनच हाक मारली, "भावजी, बसून काय करताय? वर या. बाभळीचा पाला माझ्या हाताला येत न्हाई."

त्यानं गाडीला बांधलेली लांब काठी सोडली. तिच्या टोकाला कोयता होता. ती खांद्यावर टाकून चढ चढून आला. बाभळीखाली उभा राहिला आणि फांद्या ओढून पाला पाडायला लागला. शेरडं धावली. थोरल्या शेळ्यांनी बारक्यांना शिंगं मारून बाजूला केलं.

"एका जागी नका पाडू," मी म्हटलं. "पांगवून पाडा. बारक्यांना घावत न्हाई."

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पलीकडच्या बाजूच्या फांदीला घातली.